व्ल्तावा ऐकली म्हणजे ‘मा व्लास्त’ ऐकली असं नाही

“मा व्लास्त ऐकली रे. मस्त आहे, पण बारा-तेरा मिनिटांत संपली की,” असं परवा एक मित्र म्हणाला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. हे वाक्य कितव्यांदा ऐकलं, ते मोजणं मी कधीच सोडलंय. बारा-तेरा मिनिटांत संपते ती ‘व्ल्तावा’. ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझी मायभूमी’, सव्वा तासाच्या आसपास चालते. चेक संगीतकार बेद्रझिख स्मेतानाने १८७४ ते १८७९ या काळात सहा सिंफनिक पोएम, म्हणजे वाद्यवृंदातून चित्र किंवा गोष्ट उभी करणाऱ्या रचना, लिहिल्या, त्यांची ही माळ. व्ल्तावा हा त्यातला दुसरा मणी, प्रागमधून वाहणाऱ्या त्याच नावाच्या नदीवरचा.

व्ल्तावा तुम्हाला पाठच असणार. फ्लूट आणि क्लॅरिनेट म्हणजे दोन झरे, मग ती वाहती सुरावट, शिकाऱ्यांची शिंगं, लग्नातला पोल्का नाच, चांदणं, खळाळ, प्राग. झालं. ‘मोल्डाउ’ हे त्याच नदीचं जर्मन नाव, वेगळी रचना नव्हे. ‘मा व्लास्त’ काय किंवा व्ल्तावा काय, कशालाही सिंफनी म्हणू नये. ॲपवाले याला ‘साँग’ म्हणतात, त्यांच्यापुढे मी हात टेकलेत.

खरी मेख शेवटच्या दीड-दोन मिनिटांत आहे. नदी प्रागमध्ये शिरते तेव्हा मूळ सुरावटीतला कोमल गंधार शुद्ध होतो, ढग सरून ऊन पडल्यासारखं वाटतं. आणि मग अख्खा वाद्यवृंद एक भारदस्त, रुंद पावलांची धून घेऊन उभा राहतो. फक्त व्ल्तावा ऐकणाऱ्याला वाटतं, हा समारोपाचा थाट, शेवट जोरकस हवा म्हणून जोडलेला. मीही कित्येक वर्षं असंच समजत होतो.

ती धून तिथली नाहीच. ती आहे पहिल्या तुकड्यातली, ‘विशेह्राद’मधली. विशेह्राद म्हणजे प्रागमध्ये व्ल्तावाच्या काठी खडकावर असलेला जुना गड, दंतकथांमधल्या चेक राजांचं ठाणं. तो तुकडा हार्पने उघडतो, जणू लुमीर नावाचा पुराणकाळचा भाट तारा छेडतोय, आणि पहिल्याच क्षणी हीच धून येते. तिचे पहिले दोन स्वर आपल्या पेटीवर काळी पाच आणि काळी दोन. जर्मन पद्धतीत त्यांची नावं ‘बी’ आणि ‘एस’, म्हणजे बेद्रझिख स्मेतानाची आद्याक्षरं. माणसाने गडाच्या दारावर आपली सही कोरून ठेवलीय. व्ल्तावात पट्टी पांढरी तीन होते, अर्धा सूर वर. त्यामुळे सही पुसली जाते, पण चाल तीच राहते.

म्हणजे घडतं असं, की नदी गडाखालून जाते आणि तिला गड दिसतो. तुम्ही आधी पाव तास तो गड पाहिलेला असेल, त्याचं वैभव आणि त्याची पडझडही ऐकलेली असेल, तर हा क्षण अंगावर येतो. पहिला ट्रॅक गाळलात, तर मुखडा न ऐकताच समेवर दाद देताय. सुटी वाजवायला सोयीची म्हणून व्ल्तावाला वर्षानुवर्षं इतरांच्या लोकप्रिय तुकड्यांच्या पंगतीला बसवलं गेलं, तिथूनच हा घोळ सुरू झाला.

हीच धून सहाव्या ‘ब्लानिक’च्या अगदी शेवटी परतते, तीही हुसाइट योद्ध्यांच्या, म्हणजे पंधराव्या शतकातल्या चेक धर्मसुधारकांच्या, स्तोत्राच्या जोडीने. पाचवा ‘ताबोर’ ज्या ठोक्यांवर थांबतो, ब्लानिक तिथूनच सुरू होतो. या दोघांना वेगळं करणाऱ्याला आणि शफल लावून ऐकणाऱ्याला माझ्याकडून माफी नाही. हे सगळं जुळवणाऱ्या स्मेतानाला ऑक्टोबर १८७४ पासून ऐकू येत नव्हतं. व्ल्तावा तो पूर्ण बहिरा झाल्यानंतरची आहे.

रेकॉर्डिंग कुठलं? चेक वाद्यवृंद-संचालक राफाएल कुबेलिकचं, पण नुसतं ‘कुबेलिक’ म्हणून भागत नाही, कारण त्याने ही कृती अनेकदा रेकॉर्ड केली. बोस्टन सिंफनीबरोबरचं १९७१ चं सफाईदार आहे, पहिल्यांदा ऐकायला तेच बरं. मी मात्र पुन्हापुन्हा लावतो ते प्रागचं, १२ मे १९९० चं, चेक फिलहार्मोनिकबरोबरचं. १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर देश सोडलेला हा माणूस ४२ वर्षांनी आपल्या जुन्या वाद्यवृंदासमोर उभा होता. १२ मे हा स्मेतानाचा स्मृतिदिन. प्राग स्प्रिंग महोत्सव परंपरेने त्याच दिवशी याच कृतीने सुरू होतो. त्या रात्रीचा गड कुठल्याही स्टुडिओत सापडायचा नाही.

मित्राला ते पाठवलं, पहिल्या ट्रॅकपासून सलग ऐक अशी तंबी देऊन. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: “गड कळला. आता ही तिसरी, शार्का, कुठली नदी?”

शार्का नदी नाही रे. दंतकथेतली बाई आहे. दगा खाल्ल्यावर ती पुरुषांवर सूड उगवते, एका सरदाराच्या अख्ख्या टोळीला मधाची दारू पाजून निजवते आणि मैत्रिणींकरवी कापून काढते.