इलेक्ट्रिक स्टार्टर (मॉडेल विमानाच्या इंजिनासाठी)

मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनाला (ज्यात ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटते) सुरुवातीचे फेरे देणारी, हातात धरायची १२ व्होल्टची डीसी मोटर. तिच्या टोकाला रबराचा पोकळ शंकू असतो. तो प्रॉपेलरच्या स्पिनरवर, म्हणजे मधल्या टोकदार टोपीवर, टेकवायचा आणि मगच बटण दाबायचे; फिरता शंकू टेकवला तर रबर घासून जाते.

निवड इंजिनाच्या आकारावरून होते. शिकाऊ विमानांवर बहुधा ‘४०’ (सुमारे ६.५ सीसी) ते ‘६०’ (सुमारे १० सीसी) आकाराची टू-स्ट्रोक इंजिने असतात. त्यांना साधा, बिनगिअरचा स्टार्टर पुरतो. २० सीसीच्या आसपासच्या इंजिनाला, त्यातही फोर-स्ट्रोकला, गिअरचा घ्यावा. तो हळू फिरतो, पण जोर जास्त लावतो. एक सीसीच्या आतले इंजिन बोटाने किंवा स्प्रिंगने सुरू होते, त्याला मोठा स्टार्टर लावू नये.

मोटर चांगली असूनही स्टार्टर रडतो, तो बहुतेक वेळा बॅटरी आणि वायरमुळे. विदर्भातल्या गावात बॅटरीची अडचण नाही. कपाशीवर फवारणी करायच्या बॅटरी पंपात १२ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, साधारण ८ ते १२ अँपिअर-अवरची, आणि थोड्या थोड्या वेळाच्या वापराला ती छान चालते. मात्र पंपाची बारीक वायर आणि बटण वापरू नये. पंपाला काही अँपिअर लागतात, अडलेला स्टार्टर कितीतरी पट ओढतो. जाड तांब्याची, आखूड वायर थेट बॅटरीच्या टोकांना जोडावी. त्याआधी बॅटरीवरचे औषध ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. ट्रॅक्टरची बॅटरीही चालते. मोठ्या बॅटरीने मोटर जळेल ही भीती खोटी आहे, कारण मोटर हवा तेवढाच करंट घेते. पण शॉर्ट झाल्यास तीच बॅटरी वायर वितळवते, म्हणून मध्ये फ्यूज हवा. ग्लो प्लगला १२ व्होल्ट कधीही देऊ नयेत, त्याला १.२ ते १.५ व्होल्टचा वेगळा सेल लागतो.

पऱ्हाटी उपटून झाली की वावर मोकळे होते आणि उडवायला जागा मिळते, पण तेव्हाच ऊन चढू लागते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सीलबंद बॅटरी आपोआप लवकर उतरते, म्हणून ती टिनाच्या खोलीत ठेवू नये. काळ्या मातीची धूळ कार्बोरेटरमध्ये जाऊ नये यासाठी विमानाच्या नाकाखाली ताडपत्री अंथरावी.

स्टार्टरचा खरा धोका त्याच्या ताकदीत आहे. सिलिंडरमध्ये इंधन तुंबले असेल तर द्रव दबत नाही, आणि स्टार्टरच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. बोटाला हा अडथळा लगेच कळतो, मोटरला कळत नाही. म्हणून प्लग तापवण्याआधी प्रॉपेलर हाताने एक पूर्ण फेरा, फोर-स्ट्रोक असेल तर दोन फेरे, फिरवावा. अडला तर प्लग काढून, विमान उलटे करून इंधन बाहेर पडू द्यावे. या इंधनातल्या मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे बॅटरीला लावायच्या चिमट्यांची ठिणगी सांडलेल्या इंधनापासून लांब ठेवावी.

समोरून पाहता इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. स्टार्टर चुकीच्या दिशेने फिरत असेल, तर कायम चुंबकाच्या मोटरमध्ये दोन वायरींची अदलाबदल केली की काम होते.