शस्त्रे तीच, रणांगण कुठले? वचन आणि प्रार्थनेच्या युद्धभाषेची पार्श्वभूमी

बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय संडे स्कूलमध्ये वाढलेल्या कुणालाही तोंडपाठ असतो, म्हणून विश्वासणाऱ्याने चढवायच्या देवाच्या शस्त्रसामग्रीची कंबरपट्ट्यापासून शिरस्त्राणापर्यंतची यादी इथे पुन्हा देत नाही. सध्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून जो वाद ऐकू येतो, तो यादीविषयी नाहीच. देवाचे वचन ही आत्म्याची तरवार आहे आणि प्रार्थनेवाचून ती पेलवत नाही, हे सगळ्यांनाच मान्य आहे. वाद आहे तो ही शस्त्रे कुणावर आणि कुठे चालवायची याचा. स्वतःच्या मनात उठणाऱ्या मोहावर, की एखाद्या शहरावर अंमल गाजवणाऱ्या अदृश्य अधिपतीवर? दुसरे उत्तर आता इतके रुळले आहे की ते आरंभापासूनचे असावे असेच नव्या विश्वासणाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याला आजचा आकार आला तो १९८० च्या दशकात.

पत्रातले हे रूपक रोमी शिपायाला पाहून सुचले, असे उपदेशात नेहमी सांगतात. लिहिणारा बेड्यांत होता, तेव्हा शिपाई नजरेसमोर असणारच. पण उरस्त्राण आणि शिरस्त्राण जुन्या करारातल्या यशयाच्या ५९ व्या अध्यायातून आले आहेत, आणि तिथे ते खुद्द देवाने अंगावर चढवले आहेत. तरवारीसारखे तोंड ४९ व्या अध्यायातल्या देवाच्या सेवकाचे आहे. विश्वासणाऱ्याच्या हाती येतात ती देवाची शस्त्रे, स्वतःची नव्हेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल ‘तटबंदी’ जमीनदोस्त करण्याविषयी बोलतो आणि लगेच तिचा अर्थही सांगतो: तर्कवितर्क, आणि देवाच्या ज्ञानाविरुद्ध उभा राहणारा गर्व. पुढे हाच शब्द शहरांना आणि देशांना लावला गेला.

अरण्यातल्या परीक्षेत येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनाने उत्तर दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. मोह घालणारा सैतानही वचनच म्हणतो, याकडे मात्र कमी लक्ष जाते. मंदिराच्या शिरोभागावर तो ९१ वे स्तोत्र ऐकवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील. १९५६ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानजवळच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या एका गुंडाळीत हेच स्तोत्र दुरात्म्यांना पिटाळणाऱ्या गीतांच्या जोडीला लिहिलेले आहे. ज्या स्तोत्राने लोक दुरात्म्यांपासून रक्षण मागत, तेच सैतान येशूसमोर म्हणून दाखवतो, आणि सिंह व नाग पायाखाली तुडवण्याची ओळ येण्याच्या आत थांबतो. वचन नुसते ओठांवर असले म्हणजे ते शस्त्र झाले, असे मानणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा वाचावा.

तरीही पहिल्या काही शतकांत लोकांनी वचनाचा ताईत केलाच. इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिलेल्या ख्रिस्ती ताइतांवर सर्वांत जास्त वेळा ९१ वे स्तोत्रच आढळते. चौथ्या शतकात लावदिकीया इथल्या धर्मसभेने याविरुद्ध नियम केला: सेवकवर्गाने ताईत बनवू नयेत, कारण ते स्वतःच्याच जिवाला घातलेले साखळदंड आहेत, आणि ते बांधणाऱ्यांना मंडळीबाहेर काढावे. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतला एक बिशप थोडा मऊ सूर लावतो. डोके दुखले की ताईतवाल्याकडे धावण्यापेक्षा उशाशी शुभवर्तमान ठेवलेले परवडले, असे तो उपदेशात म्हणतो. पण ते हृदयाशी धरले तर अधिक बरे, असे जोडायला विसरत नाही.

माझ्या मते या सबंध इतिहासातले सर्वांत मोलाचे काम याच काळात इजिप्तच्या वाळवंटात झाले. कॉन्स्टँटिनोपलमधले मानाचे जीवन सोडून आलेल्या एका डिकनने (मंडळीतल्या सेवकाने) तिथल्या खोपटात राहून एक संग्रह तयार केला. खादाडपणा, व्यभिचार, धनलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, पोकळ प्रतिष्ठा आणि गर्व असे आठ विचार त्याने मांडले आणि प्रत्येकाला उलट उत्तर देण्यासाठी पवित्र शास्त्रातली सुमारे ५०० वचने निवडली. रचना साधी आहे. आधी मनात येणारा नेमका विचार, मग त्यावर टाकायचे वचन. कंटाळ्याचे त्याने दुसरीकडे केलेले वर्णन आजही ओळखीचे वाटते. सूर्य हलतच नाही, दिवस ५० तासांचा झाला आहे, साधू सारखा खिडकीशी जातो, कुणी भाऊ भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे पाहतो. अशा वेळी त्याचा सल्ला असा की आपल्या जिवाचे दोन भाग करावे, एकाने दुसऱ्याला धीर द्यावा आणि ४२ व्या स्तोत्रातले शब्द म्हणावे: हे माझ्या जिवा, तू खिन्न का झालास? इथे दुरात्मे खरेच मानलेले आहेत, त्यांच्याविषयी जराही शंका नाही. पण ते गाठतात ते विचारांच्या वाटेने, आणि त्यांच्याशी दोन हात होतात ते खोपटाच्या चार भिंतींत. ५५३ च्या धर्मसभेच्या सुमारास या लेखकाची इतर मते पाखंडी ठरली. त्याचा हा संग्रह मूळ ग्रीकमध्ये नाहीसा झाला, सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत तेवढा वाचला. पद्धत मात्र मठांतून पश्चिमेकडे पोहोचलीच होती. ‘देवा, मला सोडवण्यासाठी सत्वर ये’ ही ७० व्या स्तोत्राची ओळ सुखात, संकटात, मोहात सतत म्हणावी, ही वाळवंटातली शिकवण पाचव्या शतकात लॅटिनमध्ये उतरली, आणि सहाव्या शतकातल्या मठनियमाने तिला रोजच्या प्रार्थनांच्या आरंभी जागा दिली.

मध्ययुगातल्या क्रुसेडांत, म्हणजे धर्मयुद्धांत, रूपक आणि लोखंड एकमेकांत मिसळले. एकाच सरदाराच्या अंगावर विश्वासाचे कवच आणि पोलादी चिलखतही, असे कौतुक बाराव्या शतकातल्या मठाधिपतींनी लिहून ठेवले. या डागाची आठवण विसाव्या शतकातल्या वादात पुन्हा पुन्हा निघाली. १५०३ मध्ये अँटवर्पला छापलेल्या ख्रिस्ती शिपायाच्या हातपुस्तिकेने रूपक पुन्हा आत वळवले आणि दोनच शस्त्रे मुख्य मानली: प्रार्थना, आणि शास्त्राचे ज्ञान. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एका पाळकाने इफिसकरांसच्या त्या दहा-अकरा ओळींवर १६५५ ते १६६२ या काळात तीन खंड प्रसिद्ध केले. १६७८ मधल्या प्रसिद्ध रूपककथेत मृत्युछायेच्या दरीत यात्रेकरूपुढे ज्वाला उसळतात, तरवारीला त्या जुमानत नाहीत, तेव्हा तो ती म्यान करून ‘सर्वप्रकारची प्रार्थना’ नावाचे दुसरे शस्त्र उचलतो. पत्रात प्रार्थनेला यादीतली कुठलीच वस्तू दिलेली नाही. कथाकाराने ती उणीव अशी भरून काढली.

एकोणिसाव्या शतकात लष्करी भाषा संघटनेतही शिरली. लंडनच्या गरीब वस्तीत १८६५ मध्ये सुरू झालेल्या एका मिशनने १८७८ मध्ये स्वतःला सैन्य म्हणवून घेतले आणि गणवेश, हुद्दे, झेंडे आणले. तरी त्याची लढाई दारू, दारिद्र्य आणि पाप यांच्याशीच होती.

आता मुख्य वादाकडे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान इथे १५० हून अधिक देशांतले सुवार्तावादी ख्रिस्ती जमले. त्यांच्या जाहीरनाम्याचा बारावा परिच्छेद आत्मिक संघर्षाविषयी आहे आणि त्यात शस्त्रे दोनच सांगितली आहेत: सत्य आणि प्रार्थना. भाषा संयत होती. खोट्या शिकवणीइतकाच मंडळीत शिरणाऱ्या जगिकपणाविषयीही इशारा होता. त्यानंतरच्या दशकात वारे फिरले. १९८६ मध्ये अमेरिकेत एक कादंबरी आली. तिच्यात एका छोट्या गावावर देवदूत आणि दुरात्मे तरवारी घेऊन भिडतात आणि विश्वासणारे प्रार्थना करतील तसे देवदूतांना बळ येते. ती प्रचंड खपली आणि अनेकांसाठी कल्पित चित्रच शिकवण होऊन बसले. लोझानच्याच चळवळीच्या १९८९ मधल्या मनिला परिषदेत प्रदेशांवर राज्य करणाऱ्या आत्म्यांचा विषय चर्चेला आला, आणि पुढच्या काही वर्षांत एक पूर्ण कार्यपद्धती उभी राहिली.

ती पद्धत अशी. शहराचा इतिहास शोधायचा: तिथे कुठे रक्तपात झाला, कोणते करार मोडले, कोणत्या देवतांची उपासना झाली. त्यावरून आत्मिक नकाशा काढायचा आणि त्या जागेच्या अधिपतीचे नाव हुडकायचे. मग उपास-प्रार्थना, रस्त्यारस्त्याने प्रार्थनेची फेरी, आणि अखेरीस येशूच्या नावाने त्या अधिपतीला उद्देशून आज्ञा देऊन त्याला बांधायचे. त्यानंतरच सुवार्ता खुली होते, असा दावा. अर्जेंटिनातील रेसिस्टेन्सिया शहरात १९९० च्या सुमारास झालेली मोहीम याचा दाखला म्हणून सांगितली जाई. १९९० च्या दशकात हीच दृष्टी जगाच्या नकाशावर पसरली. उत्तर अक्षांश १० ते ४० यांमधला, पश्चिम आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतचा पट्टा जगभरातल्या प्रार्थना-मोहिमांचे लक्ष्य ठरला.

समर्थकांचा शास्त्राधार मुख्यतः दानीएलाचा दहावा अध्याय. पारसाच्या (पर्शियाच्या) राज्याच्या अधिपतीने देवाच्या दूताला २१ दिवस अडवले, असे तिथे आहे खरे. पण दानीएल त्या दिवसांत काय करत होता, हेही तिथेच आहे. तो उपास करतो, शोक करतो, देवाशी बोलतो. वर झगडा चालला आहे हे त्याला शेवटी, दूत येऊन सांगतो तेव्हा कळते. पारसाच्या अधिपतीशी तो एक शब्दही बोलत नाही. यहूदाच्या पत्रात तर प्रमुख देवदूतदेखील सैतानाला स्वतः दोष देत नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच म्हणतो.

त्याहून वजनदार पुरावा खुद्द इफिसाचा, जिथल्या नावाने शस्त्रसामग्रीचे पत्र आपल्यापर्यंत आले. ते अर्तमी देवीचे शहर. प्रदेशाचा अधिपती शोधायचा तर याहून सोपी जागा मिळणार नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये पौल तिथे काय करतो? दोन वर्षे तुरन्नाच्या पाठशाळेत रोज वादविवाद करतो. अर्तमीला बांधल्याची एक ओळही नाही. उलट शहराचा लेखनाधिकारी गर्दीपुढे सांगतो की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. येशूचे नाव मंत्रासारखे वापरणारे स्किवाचे सात मुलगे मार खाऊन उघडे पळतात. आणि जादूटोणा करणारे स्वतःहून आपली पुस्तके आणून जाळतात, ज्यांची किंमत चांदीची ५०,००० नाणी भरली. शहर हलले ते शिकवण ऐकून आणि माणसांनी आपण होऊन पश्चात्ताप केला म्हणून.

१९९३ च्या जुलैमध्ये लंडनजवळ, लोझान चळवळीतल्याच मध्यस्थी प्रार्थनेच्या कार्यगटाने निवेदन काढले. आत्मिक युद्ध खरे आहे, हे त्याने ठामपणे मान्य केले. पण ख्रिस्तपूर्व धर्मकल्पनांकडे घसरण्याचा धोका आहे, दुरात्म्यांवरच नजर खिळली की माणूस आपल्या पापाची जबाबदारी टाळू लागतो, आणि सत्याकडून सामर्थ्याकडे जोर सरकतो आहे, असे इशारेही दिले. सर्वांत गंभीर मुद्दा शेजाऱ्यांचा होता. युद्धाची भाषा ऐकून इतर धर्मांचे लोक तिचा अर्थ हिंसा असा लावतात आणि खुद्द ख्रिस्ती माणसेही माणसांनाच शत्रू समजू लागतात. म्हणून शांती, पश्चात्ताप आणि समेट यांची भाषा युद्धाच्या भाषेइतकीच ठळक हवी, असे त्यात म्हटले. झगडणे ‘रक्तमांसाबरोबर नव्हे’, हे त्याच अध्यायातले शब्द आहेत, आणि युद्धगीते गाताना तेच सर्वांत आधी सुटतात.

२००० मध्ये नैरोबीत याच विषयावर पुन्हा विचारविनिमय झाला. आफ्रिका आणि आशियातल्या मंडळ्यांना दुरात्म्यांचा अनुभव पुस्तकातून मिळालेला नसल्याने चर्चेला खोली आली. मतभेदाचे मुद्दे मात्र निवेदनात तसेच नोंदवले गेले.

दरम्यान दुसऱ्या टोकालाही ओढाताण झाली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या संप्रदायाच्या गीतपुस्तक समितीने लष्करी सुराचे प्रसिद्ध गीत वगळायचे ठरवले. सदस्यांची हजारो पत्रे येऊन पडली आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. समितीचा हेतू चांगला होता, पण ज्या आजारी, एकाकी माणसाला त्या गीतातून लढण्याचे बळ मिळते, त्याचे काय, याला तिच्याकडे उत्तर नव्हते.

२०१५ मधल्या एका अमेरिकी चित्रपटाने या भाषेला पुन्हा लोकप्रियता दिली. त्यात एक वृद्ध विधवा एका तरुण स्त्रीला शिकवते की नवऱ्याशी भांडू नकोस, कपड्यांच्या कपाटाची खोली रिकामी कर, वचने लिहून भिंतीवर लाव आणि तिथे गुडघ्यांवर लढ. पुढे हीच तरुणी घरभर फिरत सैतानाला मोठ्याने बाहेर हाकलते. भिंतीवरची वचने वाळवंटातल्या संग्रहाच्या घराण्यातली आहेत. सैतानाला थेट आज्ञा देण्याची जी ढब दिसते, ती १९८० च्या दशकानंतर रूढ झाली. कपाटातली प्रार्थना अनेक मंडळ्यांनी उचलली आहे, आणि घरातून फिरत दिलेल्या आज्ञेवर पाळकांच्या सभांतून अजून चर्चा होते.