टायफॉइड, विषमज्वर आणि काढ्यांची चाचणी

टायफॉइडच्या जंतूंवर वनस्पतींचे अर्क तपासण्याला जोर आला तो प्रतिजैविके एकेक करून हरू लागल्यावर. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हाती आले आणि तीन-तीन आठवडे न हटणारा मुदतीचा ताप काही दिवसांत उतरू लागला. १९७२ साली मेक्सिकोतल्या साथीत हेच औषध निकामी ठरले. ऐंशीच्या दशकाअखेर अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोलही त्याच वाटेने गेले, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन बोथटले. २०१६ पासून सिंध प्रांतात पसरलेला जंतू तर सेफ्ट्रिॲक्सोनलाही जुमानत नाही. त्याच्यावर तोंडाने घेण्याजोगे खात्रीचे औषध उरले ते ॲझिथ्रोमायसिन.

मग तपासायला वनस्पती निवडायच्या कशा? परंपरेत ज्या सांगितल्या त्या, हे सरळ उत्तर. घोळ इथेच आहे. मराठीत टायफॉइडला आपण विषमज्वर म्हणतो. आयुर्वेदाच्या संहितांतला, म्हणजे जुन्या ग्रंथांतला, विषमज्वर मात्र वेगळा. त्याचे पाच प्रकार आहेत: संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक. शेवटचे दोन म्हणजे दिवसाआड किंवा दोन दिवस सोडून येणारा ताप. आजच्या नजरेला ते हिवतापासारखे दिसतात. सात, दहा किंवा बारा दिवस सलग राहणारा संतत तेवढा टायफॉइडच्या जवळ जातो. आता याच परंपरेतले काढे बघा. किराईत, गुळवेल, चंदन आणि सुंठ ही जोडणी तृतीयकासाठी आहे. संततासाठी इंद्रजव, पडवळाची पाने आणि कुटकी सांगितली आहे. म्हणजे ‘विषमज्वरावर पारंपरिक’ एवढ्या आधारावर किराईत निवडले, तर आपण बहुधा दुसऱ्याच तापाचे औषध या जंतूवर घालतो. माझ्या मते कुठल्याही चाचणीआधी हा प्रश्न सुटायला हवा.

चाचणी दिसायला सोपी. आगर म्हणजे जंतू वाढवायची जेली; जंतू पसरलेल्या आगरच्या बशीत छोटे खड्डे पाडायचे, त्यांत अर्क भरायचा, रात्रभर उबवून भोवतालचे, जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचे. पण तेलकट घटक आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे वर्तुळ लहान म्हणजे अर्क दुबळा असे ठरत नाही. म्हणून वाढ थांबवणारी किमान मात्रा काढतात. कच्चा, म्हणजे घटक वेगळे न केलेला, अर्क मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत चालला तर दखल घेण्याजोगा मानतात. कित्येक मिलिग्रॅम ओतून मिळालेल्या यशाला फारसा अर्थ नाही. शिवाय हा जंतू रुग्णाच्या भक्षकपेशींच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, आत शिरून वाढतो, आणि बशीत त्या पेशी नसतात.