मालिश व्यावसायिकांच्या संघटनेत प्रतिनिधी व्हायचंय? पात्रता, कागदपत्रे आणि ठरावाची वाट

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की नागपुरात टेकडी मार्गावर, मॉरिस कॉलेज चौकात मोर्चे अडवले जातात. मोर्चा रस्त्यावर बसतो आणि चार-पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जातं. तिथे घोषणा चालत नाहीत. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हे कागदावर दाखवावं लागतं. तो कागद म्हणजे संघटनेच्या प्रोसिडिंग बुकातला (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीतला) ठराव, आणि त्याची तयारी अधिवेशनाच्या कितीतरी आधी सुरू होते.

इतवारीत घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला मालिश करणारी बाई, पंचकर्म केंद्रातला मदतनीस, वर्धा रोडवरच्या स्पामधली थेरपिस्ट, या सगळ्यांचा व्यवसाय एक, पण अडचणी वेगळ्या. सर्वांना एका हॉलमध्ये बसवून निर्णय होत नाहीत, म्हणून गटवार प्रतिनिधी निवडायचे. अमेरिकन मसाज थेरपी असोसिएशन ही 1943 साली शिकागोत सुरू झालेली संघटना. तिच्या शाखांनी निवडून पाठवलेले प्रतिनिधी व्यवसायाच्या अधिकृत भूमिकेचे मसुदे चर्चेला घेत. आपल्याकडे हे करायला कोणाची हरकत नाही, फक्त ते नियमावलीत लिहिलेलं हवं. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 मध्ये प्रतिनिधी सभेसाठी वेगळी तरतूद नाही. किती सभासदांमागे एक प्रतिनिधी, मुदत किती, मतदान गुप्त की हात वर करून, हे सगळं तुमच्याच नियमावलीतून ठरतं.

संघटनाच नसेल तर आधी ती नोंदवा. किमान सात जण, संस्थेचे उद्देश सांगणारं विधानपत्र, नियमावली, कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, ओळखपत्रं, आणि कार्यालयाच्या जागेचं वीजबिल किंवा घरटॅक्स पावती, सोबत मालकाचं ना हरकत पत्र. महाराष्ट्रात अशा संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालीही नोंद करावी लागते. नागपूरकरांना दोन्हींसाठी धर्मादाय कार्यालयातच जायचं आहे.

उभं कोण राहू शकतं?

पहिली अट वर्गणीची, आणि लोक नेमके इथेच पडतात. 1860 च्या कायद्याचं कलम 15 सांगतं की तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली असेल तर त्या माणसाला मत देता येत नाही, त्याला सभासद म्हणून मोजतही नाहीत. काम कितीही जुनं असो, पावती नाही तर मत नाही. वर्गणी मोबाईलवरून भरली असेल तरी कोषाध्यक्षांकडून संस्थेची पावती मागून घ्या. व्यवहाराचा स्क्रीनशॉट छाननीच्या दिवशी वाद वाढवतो, मिटवत नाही.

दुसरी अट व्यवसायाच्या पुराव्याची. ज्याचं स्वतःचं केंद्र आहे तो गुमास्ता (दुकान नोंदणीचा कागद) दाखवेल, स्पात नोकरी करणारी नेमणूकपत्र किंवा पगाराची नोंद दाखवेल. घरोघरी जाणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नसतं. तिच्यासाठी ई-श्रम कार्ड किंवा दोन जुन्या सभासदांचं शिफारसपत्र चालेल, असं नियमावलीत स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर ज्या बाईने हा व्यवसाय जगवला तीच यादीबाहेर राहील. माझ्या मते नियमावली लिहिताना सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीवर घालवावा.

उमेदवारी अर्जाला आधारची प्रत, दोन फोटो, वर्गणीची पावती, व्यवसायाचा पुरावा, तसंच सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या लागतील. या दोघांचीही वर्गणी चालू हवी, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

निवडून आल्यावर

समजा, ग्राहकाने गैरवर्तन केलं तर काम तिथेच थांबवण्याचा आणि पैसे परत न करण्याचा अधिकार थेरपिस्टला असावा, ही तुमच्या गटाची मागणी आहे. ती भाषणात मांडून उपयोग नाही. ठरावात एकच मागणी, ती कोणाला लागू, अंमल कोणी करायचा आणि खर्च काय, एवढं असावं. नियमावलीत दिलेल्या मुदतीत तो लेखी द्या आणि सभेच्या सूचनेत विषय म्हणून छापून आला का ते बघा. ऐनवेळच्या विषयात असा ठराव घुसवला तर पुढे कोणीही हरकत घेऊ शकतो.

काही गोष्टी मात्र प्रतिनिधी सभेच्या हातात नसतात. संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल तर 1860 च्या कायद्याचं कलम 12 लागतं: प्रस्ताव सभासदांना दहा दिवस आधी पोचवायचा, विशेष सभेत तीन पंचमांश सभासदांची मतं मिळवायची, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी तो कायम करायचा. म्हणजे डिसेंबरसाठी धावपळ ऑक्टोबरात नको, पावसाळ्यातच सुरू करा. (मे महिन्यात दुपारी सभा ठेवणाऱ्याला गणपूर्ती कुठून मिळणार, हे नागपूरकराला सांगायला नको.)

प्रतिनिधी निवडले एवढ्यावरून धर्मादाय कार्यालयात काही कळवावं लागत नाही. पण त्यातला कोणी कार्यकारिणीवर गेला तर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो. सोबत सभेची सूचना, इतिवृत्ताची प्रत आणि नव्या माणसाचं संमतीपत्र ठेवा.

अधिवेशनात निवेदन देताना ठरावाची अध्यक्ष-सचिवांच्या सहीची प्रत जोडा, आणि निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक त्यांच्याकडे राहील, दुसरीवर तारखेसह आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.