हिमोग्लोबिन सातवर आलं तर काय होतं?

रविवारी सकाळी आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीत अधूनमधून दोघं जण येतात. नीटनेटके कपडे, खांद्याला बॅग, हातात मराठी पत्रकं. दार उघडलं की नमस्कार करतात, बायबलबद्दल थोडं बोलू का विचारतात, नको म्हटलं की शांतपणे पुढच्या दाराकडे वळतात. मागच्या वेळी ते गेल्यावर खाली पार्किंगमध्ये चर्चा सुरू झाली. एक काका म्हणाले, "हे लोक रक्त चढवून घेत नाहीत, ऑपरेशनमध्ये जातात बिचारे." दुसऱ्यांनी भर घातली, "हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं की माणूस वाचतच नाही, मग काय होणार!"

या दुसऱ्या वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. पहिल्यात काही तथ्य आहे. दुसरं मात्र चुकीचं आहे, आणि ते किती चुकीचं आहे हे वैद्यकशास्त्राला मोजून कळलं त्यात रक्त नाकारणाऱ्या याच माणसांचा मोठा वाटा आहे.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो, कारण शरणपूर रोडच्या चर्चमध्ये जाणाऱ्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांशी त्यांची गल्लत नेहमी होते. सर्वसाधारण ख्रिस्ती पंथांना रक्ताचं काही वावडं नाही. ते रक्त देतातही आणि घेतातही. दारोदार येणारे हे 'यहोवाचे साक्षीदार'. चळवळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्वेनियात चार्ल्स टेझ रसेल यांनी सुरू केली, आजचं नाव १९३१ साली घेतलं गेलं. घरोघरी जाऊन सांगणं हे त्यांच्यात प्रत्येक सभासदाचं कर्तव्य मानलं जातं, पगारी प्रचारकाचं काम नव्हे. रक्त चढवून घेण्यावरची बंदी १९४५ पासूनची. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात रक्तापासून दूर राहा असं सांगितलं आहे. बाकीचे ख्रिस्ती हा खाण्याचा नियम समजतात, साक्षीदार मात्र तो शिरेतून रक्त घेण्यालाही लावतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा हे चारही घटक त्यांना वर्ज्य आहेत. त्यातून वेगळे काढलेले अल्ब्युमिन या प्रथिनासारखे अंश घ्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

धर्मग्रंथातल्या अर्थाबद्दल वाद घालणं माझं काम नाही. माझं कुतूहल त्यांच्या शरीरात काय घडतं याबद्दल आहे. रक्त वाहून गेलं आणि भरून काढायचं नाही असं ठरलं, तर माणूस कशाच्या जोरावर जगतो?

उत्तर हिशेबात आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १५ लिहिलेलं असतं ते दर १०० मिलिलिटर रक्तामागे १५ ग्रॅम या अर्थाने. म्हणजे एक लिटर रक्तात जवळजवळ २०० मिलिलिटर ऑक्सिजन. हृदय आराम करतानाही मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं, तेव्हा शरीराला मिनिटाला १००० मिलिलिटर ऑक्सिजन पोचतो. आणि स्वस्थ बसलेल्या माणसाला लागतो किती? सुमारे २५० मिलिलिटर. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनच्या चार जागा असतात. चारही भरून तो फुप्फुसातून निघतो, सरासरी एक जागा रिकामी करतो आणि उरलेले तीन तसेच परत आणतो!

ही एवढी शिल्लक कशासाठी? एकाएकी पळावं लागलं, घाट चढावा लागला, जखम झाली, अशा प्रसंगांसाठी. स्नायू काम करू लागले की तिथे आम्लता वाढते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि हिमोग्लोबिन आपली पकड सैल करतं. हा परिणाम डॅनिश शास्त्रज्ञ ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. अणूची रचना मांडणारे नील्स बोर हे त्यांचेच चिरंजीव.

आता पंडुरोग झालेल्या, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, माणसाकडे पाहू. रक्त हळूहळू कमी झालं असेल तर शरीर तीन गोष्टी करतं. पहिली, हृदय जास्त रक्त फिरवतं. पेशी कमी झाल्याने रक्त पातळ होतं, नळ्यांमधून सहज वाहतं, त्यामुळे हे हृदयाला वाटतं तितकं जड जात नाही. दुसरी, हिमोग्लोबिन परतीच्या वाटेवर तीनऐवजी दोनच ऑक्सिजन राखून ठेवतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. तांबड्या पेशीत '२,३-बिसफॉस्फोग्लिसरेट' नावाचा एक छोटा रेणू असतो. डॉक्टर त्याला बीपीजी म्हणतात. हिमोग्लोबिनचे चार भाग एकमेकांना चिकटून मधे एक पोकळी तयार होते. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत ती पोकळी रुंद असते, तिच्या कडांवर धन विद्युतभार असतो आणि ऋण भाराचा बीपीजी तिथे नेमका जाऊन बसतो. तो बसला की रेणू 'सोडण्याच्या' आकारात जास्त वेळ टिकतो. ऑक्सिजन बसायला लागला की पोकळी अरुंद होते आणि बीपीजी बाहेर फेकला जातो. म्हणजे घेणं आणि सोडणं यांतला तोल हा एवढासा रेणू ठरवतो. पंडुरोगात पेशी बीपीजी वाढवते, ऊतींमध्ये ऑक्सिजन जास्त सुटतो. त्यासाठी ती ग्लुकोजच्या विघटनातली एक आडवाट वापरते, आणि त्या वाटेने गेलं की तिला स्वतःला मिळणाऱ्या ऊर्जेचा काही भाग सोडावा लागतो. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले कारखाने, नाहीत, त्यामुळे ती ज्या ऑक्सिजनची ने-आण करते त्यातला स्वतःसाठी कणभरही वापरत नाही. आयुष्य १२० दिवसांचं, केंद्रक टाकून दिलेलं, आणि तरीही असा काटेकोर कारभार!

बीपीजीची दुसरी बाजूही सांगायला हवी. रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या पिशवीतला बीपीजी दोनेक आठवड्यांत जवळपास संपतो. असं रक्त चढवल्यावर पहिले काही तास त्यातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसतं; बीपीजी पूर्ववत व्हायला एक ते तीन दिवस लागतात. पिशवी लावल्याबरोबर 'ताकद आली' असं वाटण्यात सलाइनसारखं आकारमान भरून निघण्याचाही हात असतो.

आता आकडे घालून पाहा. हिमोग्लोबिन ७, हृदय मिनिटाला ७ लिटर फिरवतंय: पोचला सुमारे ६४० मिलिलिटर, लागला २५०. अजून निम्म्याहून जास्त शिल्लक. हिमोग्लोबिन ४, हृदय ८ लिटरवर: पोचला ४२० च्या आसपास, लागले तेच २५०. म्हणजे आणलेल्यातला साठ टक्के वापरला गेला. इथे कडा येतो. साठ-सत्तर टक्क्यांपलीकडे ऊती ऑक्सिजन ओढून घेऊ शकत नाहीत, मग पेशी ऑक्सिजनविना ऊर्जा करू लागतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं. हृदयाच्या स्नायूची गोष्ट आणखी वेगळी. तो आरामातही साठ-सत्तर टक्के ऑक्सिजन काढून घेतोच. त्याच्याकडे शिल्लक नाही, फक्त जास्त रक्तपुरवठा हाच मार्ग. म्हणून धमनीत अडथळे असलेल्या माणसाला पंडुरोग लवकर भोवतो.

हा कडा माणसांत कुठे आहे ते प्रयोग करून शोधता आलं नसतं. कुणाचं हिमोग्लोबिन चारवर नेऊन रक्त रोखून धरायचं, हे कोणता डॉक्टर करील? पण स्वतःहून रक्त नाकारणारे रुग्ण होतेच. ह्यूस्टनचे शल्यविशारद डेंटन कूली यांनी १९६२ पासून साक्षीदारांवर रक्ताशिवाय हृदयशस्त्रक्रिया केल्या आणि १९७७ साली अशा ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. पुढे अमेरिकी डॉक्टर जेफ्री कार्सन यांच्या गटाने धार्मिक कारणाने रक्त नाकारलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २००२ च्या त्यांच्या निबंधात शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ७.१ ते ८ पर्यंत उतरलेल्यांपैकी कुणीही दगावलं नव्हतं. ४.१ ते ५ पर्यंत उतरलेल्यांपैकी मात्र ३४.४ टक्के दगावले. पार्किंगमधल्या काकांच्या 'आठ'चा निकाल इथे लागतो.

१९४२ पासून डॉक्टरांमध्ये 'हिमोग्लोबिन १० च्या खाली जाऊ देऊ नका' असा नियम चालत आला होता. १९९९ साली कॅनडातल्या अतिदक्षता विभागांत ८३८ रुग्णांवर तुलना झाली: एका गटाला ७ च्या खाली गेल्यावरच रक्त, दुसऱ्याला १० च्या खाली गेल्याबरोबर. तीस दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात १८.७ टक्के, दुसऱ्यात २३.३. फरक निर्णायक म्हणण्याइतका नव्हता, पण कमी रक्त देऊन नुकसान होत नाही हे स्पष्ट झालं. आज स्थिर रुग्णासाठी जगभर साधारण ७ हीच रेषा धरतात, हृदयरोग्यांसाठी त्याहून थोडी वर.

मग ते साक्षीदार बरोबर ठरले का? नाही, आणि याबाबत मला मुळीच संदिग्ध राहायचं नाही. वर सांगितलेली सगळी यंत्रणा हळूहळू झालेल्या घटीसाठी आहे. बाळंतपणात अर्ध्या तासात दोन लिटर रक्त गेलं तर बीपीजी वाढायला वेळच मिळत नाही. सलाइन आकारमान भरतं, पण ऑक्सिजन वाहत नाही. तांबड्या पेशींची जागा घेईल असा सर्रास वापरता येणारा पर्याय अजून तयार झालेला नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. 'रक्ताविना शस्त्रक्रिया' अशी जाहिरात कुणी केली, तर ती कोणत्या रुग्णासाठी आणि किती तयारीनंतर, हे विचारल्याशिवाय भुलू नये.

शहाण्या, सज्ञान माणसाने समजून-उमजून नकार दिला तर तो मानावा लागतो. त्याचं मन वळवावं, हात बांधून सुई टोचू नये. त्यांच्या श्रद्धेला आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान दिला आहे: राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी पण न गाणारी केरळची तीन साक्षीदार भावंडं शाळेतून काढली गेली, तेव्हा १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. पण लहान मुलाच्या वाट्याचा नकार आई-बापांनी देऊ नये. गंमत अशी की या तत्त्वाचं मूळ प्रचारकामातच आहे. १९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका साक्षीदार बाईचा खटला आला. सांभाळायला असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिने रस्त्यावर मासिकं वाटायला नेलं होतं. आई-बापांना स्वतः हुतात्मा व्हायचं तर व्हावं, मुलांना करू नये, अशा आशयाचा तो निकाल पुढे मुलांच्या रक्ताच्या खटल्यांत आधार म्हणून वापरला गेला.

राहिला आपला प्रश्न, रक्त न नाकारणाऱ्यांचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना पंडुरोग आहे. त्यावर आपल्याकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे डाळिंब आणि बीट. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यात उत्तम डाळिंब पिकतं, जरूर खावं, पण त्याचा लाल रंग अँथोसायनिनचा आणि बिटाचा बेटालेनचा. रक्ताच्या लालीशी दोन्हींचा संबंध नाही. शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असतं. लोहाच्या एका गोळीत साठ ते शंभर मिलिग्रॅम असतं. ती लिंबू-सरबताबरोबर घेतलेली चालते, चहाबरोबर मात्र घेऊ नये.

गर्भाशयाचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन महिन्याभराने ठरलं असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) आजच तपासून घ्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ८ निघालं की धावपळ करून दाते शोधायचे, हे मे महिन्याच्या टंचाईत आपण नेहमी पाहतो. तेच चार आठवडे आधी कळलं तर गोळ्यांनी, किंवा शिरेतून दिलेल्या लोहाने, बऱ्याच जणांचं हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढवता येतं. रक्ताची एक पिशवीही साधारण एकच ग्रॅम वाढवते.