कपिंग (तुंबडी लावणं)

कपिंग म्हणजे पाठीवर, खांद्यावर किंवा मांडीवर कप उलटा ठेवून आतली हवा कमी करायची आणि कातडी वर खेचून घ्यायची. साध्या मालिशमध्ये आपण स्नायू दाबतो, इथे नेमकं उलटं, स्नायू वर ओढला जातो, म्हणून मान-पाठ आखडलेल्या लोकांना हे वेगळं आणि बरं वाटतं.

जुन्या पद्धतीत काचेचा कप वापरतात. चिमट्यात स्पिरिटचा कापूस धरून पेटवायचा, क्षणभर कपात फिरवून बाहेर काढायचा आणि कप लगेच पाठीवर टेकवायचा. आतली गरम हवा थंड होताना दाब कमी होतो आणि कातडी पुरीसारखी टम्म फुगून आत येते. आता पंपाचे प्लास्टिक कप आणि सिलिकॉनचे कप मिळतात, त्यात जाळ नाही म्हणून भाजायची भीती नाही. मसाजवाले आधी तेल लावतात, कप हलकाच चिकटवतात आणि कण्याच्या बाजूने वर-खाली सरकवत नेतात, त्याला स्लाइडिंग कपिंग म्हणतात. कप एकाच जागी ठेवायचा तर साधारण ५ ते १० मिनिटं पुरे.

हे काही परदेशातून आलेलं नवं फॅड नाही, जरी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग बघून बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळलं. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी, म्हणजे अंगातलं बिघडलेलं रक्त काढण्यासाठी, जळवांबरोबर शिंग आणि अलाबू म्हणजे भोपळा सांगितलाय, शिंग तोंडाने ओढायचं आणि भोपळ्यात दिवा ठेवायचा, म्हणजे पेटत्या कापसाचीच युक्ती! आपल्याकडे गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावायचे. युनानीत याला हिजामा म्हणतात, त्यात बारीक चिरे देऊन रक्तही काढतात, पण तो मसाज नव्हे आणि दोन्हींची गल्लत करू नये.

डागांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कपाच्या ओढीने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळतं, म्हणून जांभळा गोल उठतो आणि काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांत जातो. डाग जितका काळा तितकं टॉक्सिन जास्त निघालं, असं बरेच जण सांगतात, ते खोटं आहे, तसलं काहीही बाहेर पडत नाही. मान-पाठदुखीत थोडा काळ आराम पडतो असं काही अभ्यासांत दिसतं पण पुरावा कच्चा आहे, कारण कप लावलाय की नाही हे पेशंटला कळतंच, त्यामुळे खोटा कप लावून नीट तुलना करणं अवघड जातं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, कातडीवर जखम किंवा सोरायसिस असेल, तर कपिंग करू नये, आणि गरोदरपणात पोटा-कमरेवर तर नकोच. कपाखाली आग व्हायला लागली तर सहन करत बसायचं नाही, लगेच सांगून कप काढायला लावायचा.