रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं?

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीच्या धक्क्यावर हमखास ऐकू येतं : ‘शिवसागरात रेंज नाही, मोबाईलचं जीपीएस चालायचं नाही. शिडाच्या होडीला महागडा प्लॉटर (नकाशावर होडीचं ठिकाण दाखवणारं यंत्र) घ्याच!’

साफ चूक. मोबाईल सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश थेट पकडतो. चार उपग्रह मिळाले की काम झालं. रेंज असली तर ठिकाण लवकर सापडतं, एवढंच. रेंज नसली की आपलं ठिकाण दाखवणारा निळा ठिपका दिसतो पण भोवती नुसता करडा पडदा, कारण नकाशा उतरवलेलाच नसतो. तो साताऱ्यातच उतरवून घ्या. आणि मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, दोरीने गळ्यात.

पैसे घालायचेच तर खोली मोजणाऱ्या यंत्रात घाला. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरलं की बुडालेल्या शेतांचे जुने बांध वर येऊ लागतात. अर्थात ते यंत्रही होडीखालचंच पाणी मोजतं, पुढचा बांध दाखवत नाही.